टाकी फुल्ल केली म्हणून गाडी फुटत नाही, अण्णा!

एप्रिल लागला की सांगलीत दोन गोष्टी हमखास येतात: चाळिशीला टेकलेला पारा आणि व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज. 'इंडियन ऑइलचा इशारा. तापमान वाढणार असल्याने टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल. निम्मीच भरा, हवेला जागा ठेवा. या आठवड्यात असे पाच स्फोट झालेत. रोज एकदा झाकण उघडून आतला गॅस बाहेर सोडा.'

शेजारचे अण्णा हे सगळं निष्ठेनं पाळतात. भर दुपारी विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत गुलमोहराखाली स्कूटर लावून झाकण फिरवतात. 'फुस्स' झालं की माझ्याकडे बघून म्हणतात, "बघितलंस? आज वाचली."

पहिलं म्हणजे, हा इशारा इंडियन ऑइलचा नाहीच. कंपनीनं स्वतःच तो खोटा असल्याचं जाहीर केलंय. तरी मेसेज फिरतोच, आणि 'या आठवड्यातले' पाच स्फोट दर उन्हाळ्यात नव्यानं होतात. कुठल्या गावात, कुणाच्या गाडीत, ते मात्र मेसेजमध्ये कधीच नसतं.

आता उष्णतेचं. ठिणगीशिवाय पेट्रोल आपोआप पेटायला साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. उन्हात तापलेली टाकी हाताला चटका देईल, पण त्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. बरं, ठिणगी पडली तर? हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेट घेते. उन्हाळ्यात बंद टाकीतली वाफ याच्या कितीतरी वर असते, म्हणजे पेटायला हवाच पुरत नाही. आणि मेसेज सांगतो, हवेला जागा ठेवा!

पेट्रोल तापून फुगतं, हे खरं. किती? पाच लिटरची टाकी वीस अंशांनी तापली तर अंदाजे ९५ मिली. कटिंगच्या ग्लासाएवढं. तेवढी रिकामी जागा टाकी बनवतानाच सोडलेली असते. पंपावरची गन ठरावीक पातळीला 'टक्क' करून बंद होते, त्यामुळे ती जागा शिल्लक राहते.

झाकण उघडायचा सल्ला तर उफराटा. टाकीत न पेटणारी वाफ बाहेर येऊन मोकळ्या हवेत मिसळली की नेमकी पेटण्याजोगी होते. शिवाय ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. अण्णांच्या 'फुस्स'पासून चार हातांवर चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह धडधडत असतो, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. वाढलेला दाब सांभाळायला टाकीची स्वतःची सोय असते. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम पाळणाऱ्या गाड्यांत ती वाफ कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि इंजिन चालू झालं की तिथून ओढून जाळली जाते.

मेसेजमध्ये रतीभर खरं शोधायचंच, तर ते इतकंच: गन बंद झाल्यावर वरून कोंबू नये. काठोकाठ भरलं तर वाफेऐवजी पेट्रोलच त्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि डबा निकामी होतो. स्फोट नाही, खर्च.

हे सगळं ऐकून अण्णांनी परवा पंपावर टाकी फुल्ल करायला सांगितली. गन टक्क झाली, मीटरवर ४८७ रुपये. अण्णा म्हणाले, "पाचशेचं कर की बाबा, राउंड फिगर!"