तासाचा रेट, बॅगा आणि नोटीस: परभणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झोंबणारी आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इतरांसाठी थोडक्यात सांगायचं तर मागच्या लेखात मी म्हटलं होतं की चार्टर कंपनीत (छोटी विमानं भाड्याने चालवणाऱ्या) लागणाऱ्या नव्या को-पायलटने तासाच्या रेटला भुलू नये, फिक्स पगारावर अडून बसावं. तुमच्या मते हे पोट भरलेल्यांचं शहाणपण. शेत गहाण टाकून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) केलेल्या पोराला 'जो जास्त उडेल त्याला जास्त' हाच न्याय. शिवाय प्रोफेशनलिझमच्या नावाखाली ऑपरेटर बॅगा उचलायला लावतात आणि नोटिशीने बांधून ठेवतात, हेही तुम्ही सुनावलंत.

आधी हिशेब करू. समजा एका ऑफरमध्ये 1 लाख फिक्स आणि तासाला 8,000 रुपये आहेत, दुसरीत सरळ 2 लाख 75 हजार. पहिलीवाला सांगणार, महिन्याला 50 तास धरा, 5 लाख झाले. पण चार्टरमध्ये दर महिन्याला 50 तास कोण देतो? लग्नसराई, निवडणूक असली की विमान पळतं. एरवी 20 तास झाले तरी बरे. म्हणजे 2 लाख 60 हजार. पावसाळ्यात किंवा विमान मेंटेनन्सला गेल्यावर 8 तास भरले तर 1 लाख 64 हजार. बँकेचा हप्ता पावसाळा बघत नाही. तासाचा रेट घ्यायचाच असेल तर किमान तासांची हमी करारात लिहून घ्या, 'साधारण इतके होतात' हे तोंडी चालणार नाही.

पण माझा खरा आक्षेप पैशाच्या बेरजेवर नाही. तासावर पगार असला की उड्डाण रद्द करणं वैमानिकाच्या खिशातून जातं. मुंबई-लातूर-मुंबई म्हणजे किंग एअर या छोट्या विमानाने साधारण दोन तास. रद्द केलं की 16,000 गेले, आणि कमांडरचे (मुख्य वैमानिकाचे) तर त्याहून जास्त.

मे महिन्यातली छत्रपती संभाजीनगरची दुपार घ्या. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान 11 अंशांच्या आसपास, आणि बाहेर 42. प्रत्येक जादा अंशाला ढोबळमानाने 120 फूट धरले तर विमानाला ती धावपट्टी 5,600 फुटांवर असल्यासारखी वाटते. इंजिनाची ताकद कमी, पंखांखालची हवा विरळ, धाव लांबते, आणि एक इंजिन गेलं तर चढाई अगदीच तोकडी. अशा वेळी साहेबांबरोबर यादीत नसलेला आणखी एक कार्यकर्ता येतो. किंग एअर सी-90 मध्ये पूर्ण टाकी म्हणजे सुमारे 1,160 किलो इंधन. टाकीही फुल आणि सगळ्या खुर्च्याही फुल, हे एकदम जमत नाही. 85 किलोचा माणूस वाढवला तर शंभरेक लिटर इंधन कमी करावं लागेल, म्हणजे डायव्हर्शनसाठी (ऐनवेळी दुसऱ्या विमानतळावर जायला) ठेवलेल्या इंधनाला हात लागणार. ट्रिम शीटवर (वजनाच्या हिशेबाच्या कागदावर) मात्र सगळ्यांची वजनं घटतात आणि कागद जुळतो. (याच विमानतळावर 26 एप्रिल 1993 ला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकलं, 55 जण गेले. विमान उशिरा उचललं गेलं आणि रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती, या दोन्ही गोष्टी चौकशीत पुढे आल्या. लांब धावपट्टीवर मोठ्या कंपनीच्या विमानाचं असं झालं, मग आपल्या छोट्या पट्ट्यांचं काय ते तुम्हीच बघा.)

कागदावर खोटं घुसायची दुसरी जागा टेक लॉगची, म्हणजे विमानातले बिघाड लिहायच्या वहीची. बाहेरगावी स्नॅग (बिघाड) आला आणि तिथे इंजिनिअर नाही. लिहिला तर एमईएल, म्हणजे कोणत्या बिघाडासह उडता येतं याची यादी, बघावी लागते. बी गटात असेल तर दुरुस्तीला 3 दिवस, सी गटात 10 दिवस, आणि यादीत नसेलच तर विमान तिथेच उभं. मग 'बेसला गेल्यावर लिहू' हे वाक्य येतं. तासाच्या रेटवर जगणाऱ्या दोघांना ते वाक्य फार सोयीचं पडतं. फिक्स पगार घेणारा नेहमी खरंच लिहील असा माझा दावा नाही, पण खोटं लिहिण्याचे पैसे तरी त्याला मिळत नाहीत.

आता बॅगा. इथे मी तुमच्या बाजूने नाही. छोट्या विमानात सामान को-पायलटनेच लावायला हवं, कारण मागच्या कप्प्यात किती किलो गेलं यावर गुरुत्वमध्य ठरतो, आणि ते त्याच्याच हाताखालून गेलेलं बरं. बॅगा गाडीपर्यंत पोचवणं, साहेबांच्या घरचं सामान बाजारातून आणणं हे मात्र काम नाही, आणि त्याला नम्रपणे नकार देता येतो. इंधनवाल्याकडून मिळणाऱ्या 'चहापाण्या'बद्दलही तेच.

नोटिशीबद्दल तुमचा राग समजतो. डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) 2017 मध्ये कमांडरला 1 वर्ष आणि को-पायलटला 6 महिने नोटीस ठेवली, त्यावर वैमानिक कोर्टातही गेले. पण चार्टरमध्ये गळ्याला फास लागतो तो बहुधा बॉन्डचा, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरण्याच्या कराराचा. सिम्युलेटरचा खर्च कंपनीने केला आणि 3 वर्षांसाठी 20 लाखांचा बॉन्ड लिहून घेतला असं धरा. दर महिन्याला रक्कम घटणार असेल तर दीड वर्षाने 10 लाख द्यायचे राहतात; ती ओळ नसेल तर पस्तिसाव्या महिन्यातही पूर्ण 20. कंपनीने काढलं, विमान विकलं किंवा मेडिकल गेलं तर काय, हेही लिहून घ्या. सगळ्यात आधी विमानाचं परमिट बघा. खासगी गटात नोंदलेलं विमान भाड्याने चालवता येत नाही; 'ओळखीतले पाहुणे' म्हणून भाडं घेतलं जात असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि लायसन्स तुमचं असतं.

एअरलाइनकडे जाण्यात गैर काही नाही, उलट तासांसाठी तेच बरं. एटीपीएलला (वैमानिकाच्या सर्वात वरच्या लायसन्सला) 1,500 तास लागतात. 200 वरून तिथे पोचायला वर्षाला 250 तासांच्या चार्टरमध्ये पाच वर्षं, एअरलाइनमध्ये दोनच्या आत. जायचंच तर रात्रीतून गायब होऊ नका. या धंद्यात माणसं मोजकी, चीफ पायलट एकमेकांना फोन लावतात. नोटीस ईमेलने द्या, पोच घ्या, लॉगबुकवर तासांच्या सह्या आणि शिक्का नोटीस काळातच मिळवा, पीपीसी (वैमानिकाची ठरावीक काळाने होणारी चाचणी) आणि सिम्युलेटरच्या फॉर्मच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. एकदा बाहेर पडल्यावर त्या मागायला गेलात की घोडं तिथेच पेंड खातं.