पावर बँक डोळ्यांसमोर हवी

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर पोहे आले, वर शेव-जीरावन पडलं, तरी नानांनी घास घेतला नव्हता. मागच्या आठवड्यात ते मुलाकडे बेंगळुरूला गेले, तेव्हा काउंटरवर दिलेली त्यांची बॅग विमानतळावर परत बोलावून उघडायला लावली. स्वेटरच्या घडीतून पावर बँक निघाली. "ही हातातल्या पिशवीत ठेवा," एवढंच सांगितलं, पण चारचौघांत कपडे उपसावे लागले हे नानांना फार लागलं होतं.

"मी काय दारूगोळा नेत होतो?" नाना म्हणाले. "आणि एवढी धोक्याची असेल तर ती खाली सामानात, माणसांपासून लांबच बरी ना? हे उलटंच सांगतात."

बापूंनी लगेच मान डोलावली. खरं सांगायचं तर ओटल्यावरच्या निम्म्या लोकांना हेच पटत होतं. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण नियम सगळे सांगतात, पण त्यामागचं कारण कोणी नीट समजावत नाही.

जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला आमचा मित्र म्हणाला, "भिया, लांब असते म्हणूनच धोका." रोज फुगलेल्या बॅटऱ्या हाताळणारा माणूस तो. लिथियमच्या सेलमध्ये दोन थरांच्या मधे एक पातळ पडदा असतो. बॅटरी आपटून, दबून किंवा बनवतानाच्या दोषामुळे तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतं. सेल तापतो, त्यातला द्रव पेट घेतो आणि तापलेल्या रसायनातून ऑक्सिजनही सुटतो. मग शेजारचा सेल तापतो. विमानाच्या पोटात हॅलॉन वायू सोडून आग दाबतात. त्याने ज्वाळा बसतात, पण सेल आतून तापतच राहतो. त्याला थंड करायला पाणी लागतं आणि पाणी ओतायला माणूस लागतो. खाली कोण जाणार?

3 सप्टेंबर 2010 ला दुबईजवळ एक मालवाहू बोइंग 747 कोसळलं. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता, आग आवरली नाही आणि दोन्ही वैमानिक गेले. हे ऐकल्यावर बापू गप्प झाले. नाना नाही झाले.

"ठीक आहे, हातात ठेवू. मग बसल्या जागी तिच्यावर फोन चार्ज करायला का बंदी? आणि डोक्यावरच्या कप्प्यात ठेवली तर काय बिघडतं?"

कारण तेच, नजर. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एका विमानाच्या वरच्या कप्प्यात आग लागली. 176 जणांना बाहेर काढलं, विमानाचं छत जळून गेलं. तपासात बोट पावर बँककडेच गेलं. मार्चपासून त्या देशाने वरच्या कप्प्यात ती ठेवायला बंदी घातली. आपल्याकडे ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेलं विमान धावपट्टीकडे जात असताना सीटच्या खिशातल्या पावर बँकने पेट घेतला. ती समोर होती म्हणून कर्मचाऱ्यांनी तिथल्या तिथे विझवली. पुढच्याच महिन्यात डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, परिपत्रक निघालं: पावर बँक फक्त हातातल्या सामानात, वरच्या कप्प्यात नाही आणि उड्डाणात चार्जिंग नाही.

मग आकड्यांवरून जुंपली, कारण मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे आत किती ऊर्जा साठते त्यावर असते. नाना म्हणाले, "माझी वीस हजार एमएएचची आहे, यूएसबी पाच व्होल्टचं. म्हणजे शंभर वॉट-अवर, अगदी काठावर." वहिनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवलं: एमएएच (मिलिअँपिअर-अवर, हजारांचा एक अँपिअर-अवर) मोजतात ते आतल्या सेलचं, आणि सेल 3.7 व्होल्टचा. 20 अँपिअर-अवर गुणिले 3.7 म्हणजे 74 वॉट-अवर. शंभरपर्यंत परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठला विमान कंपनीला आधी विचारावं लागतं, त्यापुढे प्रवासी विमानात नेताच येत नाही. तीस हजारवाली 111 वॉट-अवर होते. म्हणजे दुकानदाराने "जास्त दिवस चालेल" म्हणून ती गळ्यात मारली, तर दारात अडकणार तुम्ही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच क्षणाची. दिवाळीत मी छोट्या पंख्याच्या विमानाने निघालो होतो. शिडीपाशी हातातल्या बॅगेला चिठ्ठी लावून ती खाली टाकायला घेतली. आत बॅटरी आहे का, हे कोणी विचारलं नाही. दोन पायऱ्या चढल्यावर मला आठवलं, मी परत फिरलो आणि मागच्या लोकांना थांबवून पावर बँक काढून घेतली. काउंटरवर बॅग तपासतात, पण या चिठ्ठीच्या वेळी सगळं आपल्या आठवणीवर असतं. म्हणून मी आता ती बॅगेत ठेवतच नाही, शर्टाच्या खिशात ठेवतो.

"दाखवा तरी तुमची," जेल रोडवाला म्हणाला. नानांनी पिशवीतून काढली. मागची अक्षरं इतकी घासली होती की मोबाइलचा टॉर्च लावून तिरपं धरलं तेव्हा "20" आणि अर्धा शून्य दिसला. वॉट-अवर कुठेच वाचता येईना. मग त्याने ती ओटल्याच्या गुळगुळीत फरशीवर ठेवली आणि एका बोटाने कोपरा ढकलला. सपाट डबी जागेवरच बसायला हवी होती. ही भोवऱ्यासारखी अर्धी गिरकी फिरली, कारण पोट फुगलं होतं.

कोणी काही बोललं नाही. नानांचा नातू शेजारीच जिलबी खात बसला होता, त्याला वहिनींनी उचलून पलीकडे घेतलं.

"ही घेऊन मी दोन तास विमानात बसलो होतो," नाना हळूच म्हणाले.

जेल रोडवाल्याने समोरच्या बांधकामावरून डबाभर वाळू आणली, पावर बँक तिच्यात अलगद ठेवली आणि डबा उन्हातून उचलून सावलीत नेला. झाकण घट्ट लावू नका, असं त्याने बापूंना दोनदा बजावलं.