सस्तन प्राणी ब्लॉक आहेत

शाळेत पोरं नेटवरून माहिती बघतात म्हणून तुमचं डोकं उठलंय? मग वेळ घालवू नका, बंदच करून टाका सगळं. आधी फिल्टर बसवून घ्या, त्यात 'स्तन' हा शब्द ब्लॉक करा, त्याच्याबरोबर सस्तन प्राणी आपोआप जातील, गाय, म्हैस, देवमासा सगळे, जाऊ देत, पोरांना कळून करायचंय काय. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला प्रजननाचा भागपण उडेल, पण तो तसाही बाई 'घरी वाचून या' म्हणून सोडून देतात, म्हणजे फिल्टर नि बाई एकाच विचाराचे.

मग मोबाईल. दप्तरात सापडला की जप्त. आता बालभारतीच्या पुस्तकातच क्यूआर कोड छापलेत, स्कॅन करा नि दीक्षा ॲपवर बघा म्हणून, त्याचं काय असं एखादं आगाऊ कार्टं विचारेलच, त्याला सांगा ते चौकोन रंगवायला दिलेत. आणि २०२० मधे आपणच पालकांना फोन घ्या फोन घ्या म्हणून मागे लागलो होतो हा विषय कुणी काढला तर सरळ घंटा वाजवा.

विकिपीडिया कोणीपण बदलू शकतं, म्हणून बाद. मराठी विश्वकोश वाईत बसून जाणत्या लोकांनी केला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले प्रमुख संपादक, २० खंड, आज फुकट वाचता येतो, पण नेटवरच ना? बाद. छापील खंड लायब्ररीच्या कपाटात आहेत की, कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईकाकांकडे, नि काका गावी गेलेत.

प्रोजेक्ट मात्र भरपूर द्यायचे हां. 'महाराष्ट्रातील धरणे, सचित्र माहिती, १० पानं, सोमवारपर्यंत.' पोरांनी नेट बघायचं नाही, रात्री अकराला आई बघेल, सकाळी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला कलर प्रिंट काढून देईल, नि वर्गातल्या ४० फायलींत कोयनेचा तोच एक फोटो. सगळ्यांना १० पैकी ९ द्या, एक मार्क अक्षराचा कापा.

एवढं झालं की २६ जानेवारीला माईक हातात घ्या आणि ठणकावून सांगा, आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलंय. व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरणारी थाप आहे ती, युनेस्कोने असलं काही केलेलं नाही, पण मैदानात उन्हात बसलेल्या एकाही पोराकडे फोन नाही. टाळ्या जोरात पडतील.