खाडा

आज आमच्या तालुक्याच्या गावी सत्काराचा कार्यक्रम झाला. यंदा चार पोरांना एमबीबीएसची सरकारी सीट मिळाली. फेटे, शाल, श्रीफळ, बँजो, सगळं रीतसर. मलाही स्टेजवर बसवलं होतं. इथवर झकास.

मग प्रमुख पाहुणे उठले. गुंतवणुकीचे सल्ले देतात म्हणे. पाऊण तास 'विद्यार्थीदशेतील आर्थिक शिस्त'. पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. बाहेरची कॉफी बंद करा, महिन्याला पाचशेची एसआयपी टाका आणि चाळिशीत बघा काय होतं ते.

अहो, पन्नास टक्के कशाचे? एमबीबीएसच्या पोराला उत्पन्नच नसतं. साडेचार वर्षं शिकायचं, त्यानंतर इंटर्नशिपचं एक वर्ष, आणि स्वतःचा पहिला रुपया दिसतो तो तिथे. आम्हाला २०१६ साली महिन्याला ६,००० मिळायचे. मग ११,००० झाले, आता १८,००० आहेत. तोवर जे काय असतं ते बापाचं, आणि बापाकडे ते सोयाबीन विकल्यावर येतं. तीस टक्के हौस म्हणे!

स्टेजवर गप्प बसलो. खाली चार पोरं मान डोलवत होती आणि मला हायड्रोसीलचं, म्हणजे अंडकोशात साठलेलं पाणी काढायचं, ऑपरेशन आठवत होतं.

बॅचवाले आत्ता हसले असतील. तुम्ही मला चौदा वर्षं 'चक्री' म्हणताय ते त्याच ऑपरेशनमुळे. सेकंड एमबीबीएसची सुरुवात, सर्जरीची पहिली पोस्टिंग, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, भिंतीला टेकून उभे होतो आणि मी धाडकन पडलो. सर म्हणाले, "रक्त बघून पडला, न्या रे याला बाहेर." झालं, तेव्हापासून मी रक्त बघून पडणारा डॉक्टर. दर गेटटुगेदरला ती गोष्ट निघते आणि मीही तुमच्याबरोबर हसतो.

आता सांगतो. हायड्रोसीलमध्ये रक्त असतं तरी किती रे? पिवळसर पाणी असतं ते! चाळीस भावी डॉक्टर उभे होते तिथे, एकालाही शंका आली नाही. मी तीन दिवस जेवलो नव्हतो.

२०१२ साल होतं. मराठवाड्यातला दुष्काळ तुम्हाला सांगायला नको. घरी विहीर आटलेली. आण्णा फोनवर विचारायचे, "पैसे पाठवू का?" त्यातला 'का' मला ऐकू यायचा. मी म्हणायचो, आहेत. आमच्या मेसचा नियम होता, सलग तीन दिवसांचा खाडा असेल तरच पैसे कापणार. एक-दोन दिवस गेले तर गेले. महिन्याचे दीड हजार, म्हणजे दिवसाचे पन्नास. तीन दिवस 'गावाला जातोय' सांगायचं की दीडशे वाचले. गावाला कुठला जातोय! रूमवर शेंगदाणे-गूळ आणि वॉर्डाबाहेरचा चहा. ओटीत पडलो तो तिसरा दिवस होता.

'रक्त बघून पडला' हे मला सोयीचं वाटलं. खरं सांगण्यापेक्षा भित्रा ठरलेलं बरं. एकोणीस वर्षांच्या पोराची अक्कल.

म्हणून त्या पाहुण्यांचा राग येतो. काटकसर शिकवायला निघालेत! ज्यांना ती करायची आहे ती पोरं ती आईच्या पोटातून शिकून येतात. बोन सेट, म्हणजे अभ्यासाची हाडं, सीनियरकडून घेतात आणि वर्षाने ज्युनियरला विकतात. पुस्तकं तिसऱ्या हाताची. एप्रन एकच, रात्री धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा आणि सकाळी ओलसरच चढवायचा. चारशेचा स्टेथो, त्यात हृदयाची मर्मर ऐकू येण्याऐवजी शेजारच्या खाटेवरच्या आजीचं बोलणं ऐकू यायचं.

बजेट कॉफीने मोडत नाही, मोडतं ते काँट्रीने, म्हणजे वर्गणीने. याचा बर्थडे, त्याचं फ्रेशर्स, गॅदरिंग, सीनियरचा सेंडऑफ, एचओडींची रिटायरमेंट. "दोनशे काढा रे." नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं. हॉटेलात तर विचारूच नका. एकजण पनीर मागवतो, भागाकार सगळ्यांचा होतो. यावर मी उपाय काढला होता, उपवास. सोमवार, गुरुवार, शनिवार. बाहेर जायचा बेत निघाला की माझा उपवास असायचाच. माझ्याइतका धार्मिक माणूस आख्ख्या हॉस्टेलात नव्हता. रूम पार्टनर परीक्षेच्या आधी माझ्या पाया पडायचा!

मान्य, उडवणारी पोरंही असतात. बापाने पाठवलेले पैसे दहा तारखेला संपवून वीस तारखेला रडणारी. आणि खर्चाची वही ठेवावी हेही बरोबर, मीही ठेवायचो. अजून आहे माझ्याकडे. 'झेरॉक्स १२, चहा ५, जर्नल ६०.' त्या ऑपरेशनच्या आठवड्यात अगदी शिस्तीत लिहिलंय, 'मेस खाडा ३ दिवस, जमा १५०.' जमा! पाहुण्यांना दाखवायला हवी होती.

त्या पाऊण तासात एकदा तरी सांगायचं होतं की डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता म्हणून एक योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पोरांसाठी स्वाधार आहे, मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत, आणि वैद्यकीयच्या पोरांना साहित्यासाठी वर ५,०००. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, बँक खात्याला आधार जोडून घ्या. याला दोन मिनिटं लागली असती. पण यात चाळिशीतला आकडा दाखवता येत नाही ना.

आणि हो, हे पैसे वेळेवर येतातच असं नाही. माझी शिष्यवृत्ती आली तेव्हा मी पुढच्या वर्षात होतो. तोपर्यंत काय खायचं, हे कुठल्याच टक्क्यात बसत नाही.

चिडून लिहायला बसलो होतो, पण खरं तर लिहायचं होतं ते वेगळंच.

कार्यक्रम संपल्यावर त्या चौघांतल्या एका मुलीचे वडील बाजूला आले. शाल नीट घडी घालून पिशवीत ठेवलेली. हळूच म्हणाले, "डॉक्टर, पोरीला फी माफ आहे म्हणतेत. वर महिन्याला किती लागतेत?"

२०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना फीची माफी आहे, एसटीचं तिकीट तर २०२३ पासूनच बायकांना अर्धं. चांगलंच आहे, आमच्या वेळी हे काही नव्हतं. त्यामुळे मी ऐटीत म्हणालो, "सहा हजारांत भागतं."

त्यांनी मान हलवली. त्या मानेवरून कळलं की सहासुद्धा जड आहेत. तेवढ्यात मागून पोरगी म्हणाली, "पप्पा, मेसचे वाचतेत की थोडे. माझे तसेही उपवास असतेत."

मला बोलताच आलं नाही. तिच्याकडे बघून 'छान' असं काहीतरी पुटपुटलो आणि गाडीत येऊन बसलो. छान!

घरी येऊन नीट हिशोब मांडला. मेस, चहा-नाश्ता, झेरॉक्स, रिचार्ज, साबण-सोडा, गावाला येणं-जाणं, पॅड, औषधपाणी, काँट्री. हो, काँट्री धरलीच. नऊ होतात. सहा मी कुठून काढले? माझ्याच वहीवरून, खाडे वजा करून. नंतर लक्षात आलं.

उद्या सकाळी फोन करून त्यांना नऊ सांगणार आहे. वरचे तीन मी आणि बॅचमधले दोघंतिघं मिळून बघू. (ग्रुपवर मेसेज टाकतोय, 'सीन' करून गप्प बसू नका. पनीरचे पैसे मी भरलेले आहेत.) दान-बिन म्हणणार नाही, त्यांना चालणार नाही. इंटर्नशिपला स्टायपेंड आला की परत कर म्हणेन.

तिला कोणते वार धरतेस एवढंच विचारायचं आहे.