बांगडा कडू झाला, चूक आमची. चिकन मात्र कच्चं नव्हतं

नमस्कार ताई,

गेल्या शनिवारी रात्री तुम्ही मांद्र्याला आमच्याकडे जेवलात आणि एक तारा दिलात. तुम्ही लिहिलंत, बांगडा कडवट होता, घशाशी राखेसारखं लागत होतं, चिकन कातडीखाली आणि हाडाजवळ गुलाबी म्हणजे कच्चं, पाऊण तास थांबावं लागलं, आणि विचारल्यावर आमचा मुलगा म्हणाला, "स्मोकी असंच असतं." सगळं वाचलं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी त्या रात्री काय झालं ते शोधत होतो.

स्मोकी असं नसतं. ते उत्तर चुकीचं होतं, आणि मुलाला ते मीच नीट शिकवलेलं नव्हतं.

आमच्याकडे झाकणाच्या लोखंडी ड्रमात जाळीवर भाजतो, आच लोणारी कोळशाची. लाकूड फक्त वासापुरतं, आंब्याचे किंवा पेरूचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे निखाऱ्यावर टाकतो. तुकडा खणखणीत सुका असला तर धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल इतका निघतो, आणि तोच चांगला. ओलं लाकूड आधी आतलं पाणी उडवत बसतं, धड पेटत नाही, धुमसतं. मग पांढरा दाट धूर येतो आणि त्यातला चिकट अंश माशावर बसतो. बांगड्याच्या अंगाला तेल असतं, तो हा धूर पटकन धरतो. तुमच्या घशाला लागली ती राख नव्हती, हा चिकटा होता.

त्या दिवशी पेरूची नवी मोळी आली होती. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं बद्द वाजतं. ही परीक्षा कुणी केली नाही. त्यात परतीच्या पावसाची सर आली. पाणी आत जाऊ नये म्हणून मुलाने झाकणावरचं भोक बंद केलं. खालची भोकं आदल्या दिवशीच्या राखेने अर्धी बुजलेली होतीच. म्हणजे हवा खालून येईना आणि धूर वरून जाईना. आग मंदावली, पुन्हा कोळसे पेटवावे लागले, आणि कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं जातातच. तुमचा पाऊण तास तिथे गेला.

(लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवून टाका, असं बरेच व्हिडिओवाले सांगतात. आम्ही भिजवत नाही. पाणी वरच्यावरच राहतं, वाफ होऊन जातं, आणि तोवर नुसता वेळ गेलेला असतो. काजूच्या बियांची टरफलं फुकट मिळतात, ती का जाळत नाही, असंही एकाने विचारलं होतं. त्या टरफलातल्या तेलाने हाताला फोड येतात. ते माशाखाली कोण जाळणार?)

आता चिकन. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. तुमच्या चिकनचा पाय ओली मोळी पडण्याआधीच जाळीवर होता, आणि उतरवला मी स्वतः. जाड भागात तापमानाचा काटा खुपसून मोजतो. ७४ अंश सेल्सियसला चिकन खायला सुरक्षित ठरतं, पायाचा तुकडा आम्ही ८० च्या पुढे गेल्याशिवाय काढत नाही. कातडीखालचा गुलाबी पट्टा धुराचा. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरतात आणि तो रंग शिजल्यावरही जात नाही. हाडाजवळचा लालसरपणा कोवळ्या कोंबडीच्या हाडातून झिरपतो. रंगावरून कच्चं-पक्कं ठरवलं तर इथे फसायला होतं. तरी ताटात तसा तुकडा पाहून कुणीही दचकेल, हे मान्य. वाढतानाच सांगायला हवं होतं.

राख आता रोज सकाळी, थंड झाल्यावर, पूर्ण काढतो. यात माझाही स्वार्थ आहे: खाऱ्या हवेत ओलावा धरलेली राख लोखंड खाते, मागच्या पावसाळ्यात एका ड्रमचा तळ असाच गेला. जाळी गरम असतानाच नारळाच्या सोडणाने घासतो आणि खोबरेल फिरवतो. तारेचा ब्रश वापरत नाही, तुटलेली तार माशात गेली तर काय! भोकावर पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा बसवला आहे.

बांगड्याचे पैसे परत करतो, बिलाचा फोटो पाठवा. चिकनचे नाही. पुन्हा आलात तर काटा तुमच्यासमोर लावू. सोमवारी बंद असतो.