मुलाचे घोरणे ही गाढ झोपेची खूण नव्हे

‘घोरणाऱ्या मुलाला गाढ झोप लागते, गुटगुटीत मूल वयात येताना आपोआप सडपातळ होते, दम्याचा पंप लागला की सुटत नाही म्हणून औषध पाजलेले बरे, आणि नाशिकच्या स्वच्छ हवेत या गोष्टींचा बाऊ करू नये’ असा मजकूर नाशिकमधील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे.

यातले पहिले विधान सर्वांत घातक आहे. घोरण्याचा आवाज श्वासमार्ग अरुंद झाल्यामुळे येतो आणि मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) हे त्याचे नेहमीचे कारण असते. सर्दीत चार रात्री घोरणे निराळे. पण आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणारे, मध्येच श्वास अडकून दचकणारे किंवा पुन्हा अंथरूण ओले करू लागलेले मूल डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. अशी मुले दिवसा पेंगतातच असे नाही. पुष्कळदा ती चिडचिडी आणि चंचल होतात व घरात द्वाड ठरतात.

काहींचे घोरणे आपोआप थांबते, हेही खरे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत झोपेत श्वास अडखळणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुले होती. सात महिन्यांनी टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के, तर नुसती वाट पाहिलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली. तेव्हा सरसकट टॉन्सिल काढण्याचा आग्रह कोणी धरू नये. मात्र झोपेत ज्यांचा प्राणवायू दीर्घकाळ घटतो अशी मुले या चाचणीत घेतलीच नव्हती, आणि स्थूल मुलांमध्ये सुधारणेचे प्रमाण कमी होते.

‘गुटगुटीत’पणाचा मुद्दा इथेच येतो. मानेभोवतीची चरबी श्वासमार्ग आणखी अरुंद करते, पोटावरची चरबी श्वासपटलाची हालचाल रोखते, अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि वजन पुन्हा चढते. स्थूल मुलांत दम्याचे प्रमाणही अधिक आढळते. अंगकाठी सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यावर मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तपासून घ्यावा.

पंपाची सवय लागते, हा समज मला सर्वांत अनाकलनीय वाटतो. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे वीस फवाऱ्यांइतके, आणि ते थेट फुप्फुसात न जाता सर्व शरीरात फिरते. स्टेरॉइडच्या रोजच्या पंपाने उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे लपवू नये. पण वारंवार दमा उसळून स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागणे अधिक महागात पडते.

उरली हवा. केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात प्रदूषणाची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आहे.