बोर तुम्ही झालात, शो आमचा का उडवता?

अरे काय चाललंय काय. जरा शांत मराठी पिक्चर लागला रे लागला की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज हजर, "चांगलाय पण खूप स्लो आहे, ओटीटीवर आला की बघा." बास. कुठला सीन लांबला, त्यात काय चाललेलं, कोण कोणाशी बोलत होतं, काही नाही. आणि खाली धडाधड अंगठे. आधीच अशा पिक्चरला वाशीत एखादा शो मिळतो, ठाण्यात एखादा, तोही भर दुपारी, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाने रविवारची वाट बघायची. आणि तुमचा तो मेसेज वाचून रविवारी जे चार जण जाणार होते तेही घरी बसतात, मग दुसऱ्या आठवड्यात शोच गायब. मला बघायचा होता ना तो! माझ्यासारखे अजून असतील इथे, त्यांनी कुठे जायचं?

तुम्हाला संथ पिक्चर आवडत नाहीत ना, नका बघू. खरंच माझं काही म्हणणं नाही. दिवसभर ऑफिस, मग घोडबंदरचं ट्रॅफिक, घरी आल्यावर माणसाला मारामारी आणि गाणी बघावीशी वाटली तर त्यात चूक काय. पण मग "मला कंटाळा आला" एवढंच सांगा की. तुमचा कंटाळा म्हणजे त्या पिक्चरचा दोष असं कोणी ठरवलं?

माझा मावसभाऊ कोपरखैरण्याला असतो. त्याच्याकडे सगळे जमलो होतो, मी म्हटलं 'कोर्ट' लावूया, २०१४ चा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला. पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच पठ्ठ्याने रिमोट घेऊन स्पीड दीडपट केला. वर मलाच सांगतो, अगं गोष्ट कळतेय ना, मग झालं. डोकं फिरलं माझं. गोष्ट काय, ती तर दोन ओळीत सांगता येईल, एका लोकशाहिरावर केस होते, त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप. पण पिक्चर तेवढाच आहे का? सरकारी वकील बाई कायद्याची कलमं सपाट आवाजात वाचत राहते, वाचतच राहते, आणि मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करते, आणि तिकडे तो म्हातारा शाहीर तारखांवर तारखा घेत आत सडतोय. तो वेळ आपल्यालाही जाणवावा म्हणून तर कॅमेरा हलत नाही! ते वाचन तुम्ही पळवलंत तर नक्की काय बघितलंत? शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो आणि स्क्रीनवर काळोख. भाऊ उठला, म्हणाला संपला, जेवायला चला. संपला नव्हता! त्याच्यानंतर जज सुट्टीवर गेलेला दाखवलाय आणि तो भाग बघितल्याशिवाय आधीचं सगळं तितकं लागतच नाही. पण तोपर्यंत आत ताटं वाढून झाली होती.

हे स्पीड प्रकरण तर वेगळंच. २०१९ ला नेटफ्लिक्सने ही सोय चाचणीला लावली तेव्हा हॉलिवूडमधले दिग्दर्शक भडकले होते, तरी २०२० मध्ये ती आलीच. बघा बाबा, ज्याचा मोबाईल त्याचा हक्क. फक्त पनवेल लोकलमध्ये उभ्याने दीडपट स्पीडवर बघून वर "एडिटिंग ढिलं आहे" असं बोलू नका. एडिटिंग तुम्ही बघितलंच नाही. कुठला शॉट किती सेकंद ठेवायचा यावर कोणीतरी महिनेच्या महिने घातलेत, ते सगळं तुम्ही एका बटणाने बदललंत आणि आता नावं त्यालाच ठेवताय.

आणि 'सैराट'चं काय? २०१६ ला सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, जवळजवळ तीन तासांचा पिक्चर, तेव्हा लांबी कोणाला टोचली नाही. पण ठाण्यात मी स्वतः ऐकलंय, "इंटरव्हलपर्यंत भारी, मग स्लो होतो." अहो मग होणारच ना! गाणी संपली, पळून गेले, आता परक्या शहरात झोपडीत राहायचंय, काम शोधायचंय, भांडायचंय, परत एकत्र यायचंय. हे रोजचं जगणं सावकाश दाखवलं म्हणून त्या दोघांचा संसार आपल्याला खरा वाटायला लागतो, आणि म्हणूनच शेवटी आवाज बंद होतो तेव्हा थिएटरमध्ये कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. मधला तो भाग कापा आणि मग तो शेवट लावून दाखवा मला.

गाण्यात पण हीच बोंब. ठाण्यात एका नाट्यगृहात मैफल होती, कलाकार विलंबित, म्हणजे संथ, एकतालात बडा ख्याल गातायत. बारा मात्रा, पण लय इतकी संथ की त्यांच्या एका पूर्ण फेरीला, आवर्तनाला, मिनिटभर लागतं. ते फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतात तेव्हा अंगावर काटा येतो, पण तो कुणाला, जो ते आख्खं मिनिट त्यांच्याबरोबर राहिला त्याला. माझ्या मागच्या रांगेत दोन काका आणि एक काकू, अख्खा विलंबित भर फ्लॅटचे रेट, मुलाची अमेरिका, घाणेकर नाट्यगृहाच्या पार्किंगची बोंब, आणि मधेच "गाणं कधी सुरू होणार हो?" अहो सुरू होऊन अर्धा तास झाला! मग द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, सुरू झालं, ताना आल्या, की हेच लोक वाहवा करत पुढे. तुम्हाला द्रुत आवडतं, छान, मध्यंतरानंतर या. पण मी तिकीट विलंबित ऐकायला काढलं होतं आणि ते तुम्ही माझ्या कानाजवळ बसून खाल्लंत. त्याचे पैसे कोण देणार?

आता लगेच कोणीतरी येईल, "म्हणजे संथ तेच भारी का?" नाही हो. जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब जे गाऊन गेलेत ते आजही लोक कान लावून ऐकतात. गायकीच्या जयपूर घराण्याची मूळ लयच खाँसाहेबांच्या किराणा घराण्याएवढी संथ नाही. किशोरीताई आमोणकरांनी त्याच जयपूर घराण्यात लय अजून सावकाश केली, आणि जाणकारांना त्यावर वाद घालावासा वाटला तर घालावा, कारण तो वाद लयीचा आहे. तुम्ही मला सांगा ना, अमुक ठिकाणी आलाप त्याच त्याच स्वरांवर फिरत राहिला, किंवा पिक्चरमध्ये ती खिडकीतली बाई तिसऱ्यांदा दाखवली तेव्हा काही नवीन कळलं नाही. मी भांडेन तुमच्याशी, कदाचित पटेलही मला. भरपूर संथ पिक्चर खरंच रिकामे असतात, दिग्दर्शकाकडे सांगायला काही नसतं म्हणून तो धुकं आणि झाडं दाखवत बसतो, मी स्वतः बघितलेत असले आणि शिव्या घातल्यात.

आणि दुसऱ्या बाजूचे ते शहाणे, कोणी नुसतं "मला नाही आवडला" म्हटलं की लगेच "तुझी लेव्हल नाही ती". अरे गप्प बसा ना. तुमच्या या असल्या बोलण्यानेच लोक अशा पिक्चरच्या वाटेला जात नाहीत. माझी आई आयुष्यभर मराठी शाळेत शिकवत होती, तिला एक पिक्चर लांबलेला वाटला आणि का ते तिने मला नीट सांगितलं, तर आमच्या एका पाहुण्याने तिला "काकू, हा सिनेमा तुमच्यासाठी नाहीये" म्हणावं? ती त्यानंतर तसल्या पिक्चरला माझ्याबरोबर आलेली नाही. याचा राग मला अजून आहे आणि राहणार.

परवा ऑफिसात, ऐरोलीला, जेवताना एक जण सांगत होता की एका पिक्चरच्या पहिल्या वीस मिनिटात काहीच घडत नाही म्हणून मी उठून आलो. ठीक आहे, उठलास. पण मग त्याच्यावर पाचपैकी दोन स्टार टाकून, सगळ्या टीमला "वेळ घालवू नका" सांगून मोकळा झालास, ते कशाच्या जोरावर? उरलेला दीड तास कोणी बघितला?